सालईखेडची टेकडी

"आपल्या टेकडीवरची टेंभुर्णी अजून उभी हाये का, असं शालूबाईनं पुसलं हाये," इंद्रभान म्हणाला आणि पाय धुवायला मोरीकडे वळला.

चांगुणा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"आनखी काय म्हनली?"

"आनखी काही नाही. शेषरावनं सांगतलं तेवढं मी सांगतलं."

"पन एकदम टेंभुर्णी कुठून निघाली?"

"मले काय मालूम. बाजारात गाड्या लागल्या होत्या, मागचे लोक कावून राह्यले होते. बायकोनं पुसाले लावलं, त्यानं पुसलं."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे चांगुणा भानावर आली.

अकरा वर्षं झाली होती. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सालईखेड रिकामं झालं आणि त्याच साली गावावर धरणाचं पाणी चढलं. ज्यांना शेती होती त्यांनी उंद्रीकडे नवी रानं घेतली. ज्यांना नव्हती त्यांना सरकारनं वर घाटाच्या सडकेला लागून घरापुरत्या जागा आखून दिल्या. शालूबाई उंद्रीच्या अंगाला गेली, चांगुणा सडकेच्या अंगाला. मधे धरण. पाखराला दीड कोस, पण माणसाला जायचं तर दोन एसट्या बदलायच्या आणि वर पायपीट. एवढं करून जायचं तरी कोणत्या नात्यानं? शालूबाई शेषरावांच्या मोठ्या घरची सून, आणि चांगुणा गावाबाहेरच्या बौद्धांच्या वस्तीतली. सोयऱ्यांच्या यादीत दोघींची नावं एकमेकींच्या घरी कधीच लागणार नव्हती.

राहता राहिले दोन नवरे. इंद्रभान खामगावच्या एका जिनिंगमध्ये हंगामापुरता कामाला असे. शनिवारी घरी येई, सोमवारी पहाटे जाई. शेषराव हंगामात चार-सहा वेळा कापूस घेऊन खामगावला येत. दोघं एकाच बुडालेल्या गावचे, म्हणून भेट झाली की सोबत चहा व्हायचा आणि त्या चहाबरोबर निरोप पोचायचे. चांगुणा इकडून भरभरून सांगायची. पोरगी बाळंत झाली, नातवाचे कान बापासारखे मोठे आहेत, मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री पाण्याचा आवाज आला की मला आपली नदी वाटते. इंद्रभान हे सगळं ऐकून घ्यायचा आणि खामगावात शेषरावांना सांगायचा, "घरचे बरे हायेत." तिकडून शालूबाई काय सांगायची कोण जाणे. इकडे येईपर्यंत त्यातलं "बरी हाये म्हनते" एवढंच शिल्लक असायचं.

टेंभुर्णीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आला होता. अकरा वर्षांत शालूबाईच्या तोंडचं पहिलं आख्खं वाक्य चांगुणाला मिळालं होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

दोघी एकाच साली सालईखेडमध्ये नांदायला आल्या होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या. गावाच्या पाठीला टेकडी होती. सरपण, शेण्या, चारोळ्या, टेंभरं, जे काही फुकट मिळायचं ते तिथं मिळायचं. शालूबाईच्या सासूला सुनेनं हिंडलेलं आवडायचं नाही, पण सरपणाला गडी पाठवायचा म्हटलं तर शेतातलं काम अडायचं. म्हणून ती जायची. चांगुणाला तर जाणं भागच होतं. पहिल्या दिवशी शालूबाईच्या डोक्यावरून मोळी घसरली आणि चांगुणानं ती पुन्हा बांधून दिली. गाठ अशी मार, असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी शालूबाई तिची वाट पाहत टेंभुर्णीखाली बसली होती.

खाली गावात सगळं रीतीनं चालायचं. चांगुणा कामाला त्या घरी गेली तर अंगणात उभी राहायची, आणि शालूबाई वरून ओंजळीत पाणी ओतायची. सासू दारात असली की शालूबाई मान वर करून बघायचीही नाही. पण टेकडीवर दोघींची भाकरी एका फडक्यावर सुटायची. चैत-वैशाखात टेंभुर्णीला पिवळी फळं धरायची. एक जण फांदी वाकवायची, दुसरी तोडायची, आणि चिकट बोटं चाटत दोघी सगळ्या गावाची नक्कल करायच्या. सासवांची, नवऱ्यांची, शाळामास्तरची. तेरा वर्षं हे चाललं. लेकरं झाली, दोन गेली, सासरे गेले, पण टेकडी सुटली नाही. कुणी विचारलं असतं तर मैत्रीण हा शब्दही त्यांनी वापरला नसता. सरपणाला जातो, एवढंच म्हटलं असतं.

पाणी चढलं आणि गाव गेलं. टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. घाटाच्या सडकेवर एका वळणावर बस दम खायला मंदावते, तिथून तो दिसायचा. चहूबाजूंनी पाणी आणि मधे पालथी घातलेली टोपली. त्यावर झाडं आहेत एवढं कळायचं, कोणती ते कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं की माणसं चिखलातून चालत टेकडीवर गेली आणि आपापल्या घरांच्या भिंती बघून आली. चांगुणा तेव्हा सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एक खाडा पडला तर घरात चूल पेटत नव्हती. तिचं जाणं राहून गेलं.

इंद्रभान सोमवारी खामगावला गेला आणि चांगुणानं दुपारी दिराचं घर गाठलं. जानराव जंगल खात्यात गार्ड होता. धरणाच्या भोवतीचं सगळं रान आता राखीव झालं होतं, शिकारीला बंदी होती, आणि टेकडीचं ते बेट त्याच्याच ताब्यात होतं.

"मले एकदा टेकडीवर नेता का, भाऊजी?"

"काऊन?"

"एक झाड पाहाचं हाये."

जानराव हसला. "वहिनी, सरकारी रान हाये ते. लाकूड तोडाले बंदी, चाराले बंदी, पाय ठेवाले बंदी. झाड पाहाले मी कोनाले नेऊ लागलो तर साहेब मायं झाड करून टाकतीन."

ती घरी परतली. नंतर मात्र ती आठ दिवसांनी पुन्हा गेली, मग पुन्हा. काही मागायची नाही. जानरावच्या बायकोला पापड लाटू लागायची आणि निघताना त्याच्याकडे नुसती बघायची.

चैत्राच्या शेवटाला जानरावच स्वतःहून आला. वैशाखी पुनवेच्या रात्री खात्याला जनावरं मोजायची होती. चांदण्यात पाण्यावर कोणकोणतं जनावर उतरतं ते रात्रभर जागून लिहायचं. टेकडीवरून धरणाचे सगळे काठ दिसतात म्हणून जानरावला तिथं राहुटी लावून बसायचा हुकूम होता, सोबत एक मजूर. मजूर तापानं पडला होता.

"रातभर जागा लागते," जानराव म्हणाला. "चूल पेटवाची नाही, जोरानं बोलाचं नाही. जमन का?"

"जमन."

त्या शनिवारी तिनं इंद्रभानला निरोप दिला. शेषराव हंगामातला शेवटचा कापूस घेऊन येणार होते. "त्याहीले सांगजा, वैशाखी पुनवेच्या राती मी टेकडीवर राहून राह्यली. जानराव भाऊजीसंगं. तिले हे अस्संच सांगा म्हनावं."

"ये म्हनू का तिले?"

"नको. ये म्हनू नका."

इंद्रभानला हे कोडं उमगलं नाही. पण चांगुणाच्या मनात एक काटा अकरा वर्षं मोडून बसला होता, आणि तो तिनं नवऱ्यालाही दाखवला नव्हता. गाव सोडलं त्या दिवशी शालूबाईच्या घरच्या चार बैलगाड्या पहाटे निघणार होत्या. उंद्रीकडे जायचा रस्ता नदीच्या उतारावरून जायचा. चांगुणा तांबडं फुटायच्या आधीपासून त्या उतारावर जाऊन उभी राहिली होती. पदरात भाजलेल्या शेंगा बांधून आणल्या होत्या. गाड्या आल्या. पहिलीत धान्य, दुसरीत भांडी, तिसरीत सासू आणि लेकरं, चौथीत कडबा. शालूबाई कुठल्याच गाडीत नव्हती. शेषरावांना विचारायची हिंमत झाली नाही. गाड्या पलीकडे चढून दिसेनाशा झाल्या तरी ती थोडा वेळ उभीच होती, आणि ऊन वर यायच्या आत घरी वळली. मग तिनं मनाशी धरलं, की रात्रीच पुढे निघून गेली असेल. मला सांगावंसं वाटलं नाही तिला. मोठ्या घरची ती मोठ्या घरचीच. त्याच शेंगा तिनं घरी येऊन पोरांना वाटल्या.

म्हणून ये म्हणायचं नव्हतं. बोलावून आली नाही, तर मग काय उरतं?

पुनवेच्या दिवशी सकाळी वस्तीच्या विहारात वंदना झाली. चांगुणानं प्रसादाची खीर डब्यात घेतली, चार भाकरी आणि ठेचा बांधला, आणि उन्हं कलल्यावर जानरावबरोबर धरणाच्या काठी आली. मासे धरणाऱ्या सोसायटीची नाव होती. नाव पाण्यात सरकली तसं तिनं नावेच्या कडेला घट्ट धरलं. उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं आणि हिरवट, गढूळ दिसत होतं.

"आपन आता चावडीवरून चाललो असन," जानराव म्हणाला.

"नाही. चावडी तिकडं. इथी खालची विहीर," चांगुणा म्हणाली. "आता वस्ती लागन. हे तुमचं घर. हे आपलं." नावाड्यानं वल्हं थांबवलं नाही. घर मागे पडलं.

टेकडीवर पाय ठेवला आणि ती बावरली. तिच्या आठवणीतली टेकडी उघडी होती, तुडवलेली, बायकांच्या पायवाटांनी विंचरलेली. अकरा वर्षांत तिथं कुऱ्हाड लागली नव्हती, जनावर चरलं नव्हतं. कमरेइतकं वाळलं गवत, करवंदीची जाळी, सालई आणि धावड्याची पोरसवदा झाडं. पायवाटेचा मागमूस नाही. जानराव राहुटीच्या खुंट्या ठोकत होता तोवर ती गवतातून वाट काढत माथ्याच्या उगवतीकडच्या अंगाला गेली. तिथं एक मोठा काळा खडक होता आणि खडकाला लागून टेंभुर्णी, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

खडक सापडला. पण त्याच्या भोवती एक टेंभुर्णी नव्हती. वीस-पंचवीस होत्या. फळं पडली, रुजली, आणि कुणी तोडायला नसल्यानं सगळी वाढली. काही डोक्याच्या उंचीची, काही दोन पुरुष उंच. सगळ्यांवर पिवळी टेंभरं लटकलेली. एक जुनाट वाळकं खोड आडवं पडलं होतं, त्याला वाळवी लागली होती. ती जुनी टेंभुर्णी हीच होती की उभ्यातली एखादी, ते तिनं हात लावून, साल नखानं खरवडून बघितलं. कळलं नाही. शालूला सांगायचं काय? आहे म्हणायचं की नाही म्हणायचं? ती खडकावर बसली आणि तिला रडू आलं. झाडाचं नव्हतं ते, आपण ते ओळखू शकलो नाही याचं होतं.

दिवस बुडायला दोन कासरे होते तेव्हा जानरावची हाक आली. "वहिनी, उंद्रीच्या बाजूनं नाव येऊन राह्यली. ह्या लोकायले कोनं सोडलं?"

नाव जवळ आली. वल्हं मारणारा कोळी आणि मधे, दोन्ही हातांनी पाटी धरून, एक जाड बाई. डोळ्यांना चष्मा. चांगुणानं तिला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही. नावेतून उतरताना तिनं आधी डावा पाय टाकला आणि ओठ चावला, त्यावरून ओळखलं. मोळी उचलताना ती अशीच करायची.

नाव परत फिरली. दोघी चार हातांवर उभ्या राहिल्या.

"आलात," चांगुणा म्हणाली.

"हाव. आली," शालूबाई म्हणाली. "बऱ्या हायेत ना तुम्ही?"

तेरा वर्षं टेकडीवर ज्यांनी एकमेकींना अगं-तुगं केलं त्यांच्या तोंडून हे 'तुम्ही' निघालं, आणि निघाल्यावर दोघींनाही ते परत घेता येईना. शालूबाईनं जानरावकडे बघून पदर सारखा केला. "मालक काठावर राह्यले, सोसायटीच्या झोपडीत. सकाळी नाव येईन. तुमच्या कामात अडचन नाही ना?"

जानरावनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मी जनावरं मोजाले आलो, बाई. मानसं मोजाचा हुकूम नाही मले." आणि तो दुर्बीण घेऊन टेकडीच्या मावळतीच्या टोकाला गेला. जाताना त्यानं सांगितलं, की उगवतीच्या काठावर काय उतरतं ते तुम्ही दोघी बघा आणि ध्यानात ठेवा.

दोघी खडकाजवळ बसल्या. अंधार पडायच्या आत बोलायचं तेवढं बोलून झालं असं वाटलं. शालूबाईला दोन सुना आल्या होत्या, धाकट्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. सासू आहे, अंथरुणाला लागली आहे, पण आवाज तोच. चांगुणाला तीन नातवंडं. थोरला शेगावला एका धर्मशाळेत कामाला. शालूबाईला साखरेचा आजार झाला होता, चांगुणाचे गुडघे गेले होते.  इंद्रभान आणि शेषराव चहावर जे बोलत असतील ते याहून वेगळं नसेल, असं चांगुणाला वाटून गेलं.

"ते झाड," ती शेवटी म्हणाली. "मले नाही सांगता येत. पाहा तुम्ही, एवढी हायेत. त्यातलं आपलं कोन्तं?"

शालूबाईनं चष्मा काढून पुसला आणि एकेक झाड बघितलं. मग ती आडव्या पडलेल्या खोडाकडे गेली, वाकून हात फिरवत राहिली, आणि तशीच उभी राहून म्हणाली, "असू दे व. कोन्तंही असन."

तो जुना, अगं-तुगंतला 'व' ऐकला आणि चांगुणाच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. तिनं डबा उघडला. "खीर हाये. आज पुनव हाये आमची. तुले गोड चालन का पन?"

"आज चालन," शालूबाई म्हणाली. तिनं पाटीतून पुरणपोळ्या काढल्या. चांगुणानं ठेचा काढला. फडकं एकच पसरलं.

चंद्र उंद्रीकडच्या डोंगरावरून वर आला तेव्हा पाणी आधी तांबूस झालं, मग पांढरं. काठ लख्ख दिसायला लागले. पहिल्यांदा मोर-लांडोरी आल्या. मग चितळांचा कळप, मग रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, एक रांग, काळी, संथ. राहुटीत कुणी गेलं नाही. दोघी गवतात पाय पसरून बसल्या होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि आता बोलणं थांबत नव्हतं. शाळामास्तरची नक्कल शालूबाईला अजून येत होती. चांगुणानं हसू दाबायला पदर तोंडात धरला.

मध्यरात्र उलटून गेल्यावर एक अस्वल पिलाला पाठीवर घेऊन पाण्यावर आलं. ते पाणी पिऊन परत झाडीत शिरेपर्यंत दोघी श्वास धरून बसल्या. ते गेल्यावर शालूबाई म्हणाली, "एक पुसू का? मनात लय दिवसाचं हाये."

"पूस."

"गाव सोडलं त्या दिवशी तू काऊन नाही आली?"

चांगुणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी कुठी नाही आली?"

"इथी. टेंभुर्णीखाली." शालूबाई पाण्याकडे बघत बोलत होती. "गाड्या भरून झाल्या तशी मी मालकाले सांगतलं, की शेवटची मोळी आनाची हाये. त्याही म्हने, येडी झाली का, गाव सोडून चाललो अन् मोळी कायची? पन मी आली. मले वाटलं तू येशीन. आपलं दुसरं ठिकान कोन्तं होतं? ऊन वर आलं तरी बसून होती. मग गाड्या नदीपार लावून मालक स्वतः मले न्याले परत आले. मागून एका रिकाम्या बैलगाडीनं नेलं. उंद्रीपर्यंत एक शब्द बोलले नाही." तिनं गवताची एक काडी मोडली. "मले वाटलं, तुले राग आला असन. आम्हाले शेतं भेटली, तुमाले नाही. त्याचा."

चांगुणानं नदी होती त्या अंगाला बघितलं. नदीच्या उतारावर थांबलेली आपण आणि इथं खडकाला टेकून बसलेली शालू, तिला दोन्ही एकदम दिसत होतं. मधे पाव कोसाचंही अंतर नव्हतं. नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"मी नदीवर होती," ती म्हणाली. "उतारावर. तांबडं फुटाच्या आधीपासून. तुह्या चारी गाड्या पाहिल्या मी. तू नव्हती त्याच्यात."

शालूबाईनं तिच्याकडे बघितलं.

"मी म्हनलं, तू माह्या नदरेस नाही पडाले पाहत," चांगुणा म्हणाली. "शेंगा भाजून आनल्या होत्या तुह्यासाठी. खाल्ल्या पोराहीनं."

 शालूबाईनं चांगुणाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. दोघींपैकी कुणी रडलं नाही. उशीर इतका झाला होता की त्यासाठी रडायचं कुठून सुरू करावं ते समजत नव्हतं. अकरा वर्षं त्या एकमेकींवर रुसून होत्या आणि रुसवा दोघींचाही खोटा होता. पलीकडे रानडुकरं आली, गेली. किती होती ते कुणी मोजलं नाही.

पहाटवारा सुटला तेव्हा शालूबाई बसल्या जागी कलंडून झोपली होती. चांगुणा जागी राहिली. चष्मा नसलेल्या त्या चेहऱ्यात तिला आधीची पोर दिसते का, ते ती बघत होती. कधी दिसायची, कधी नाही. सूर्य उगवू नये असं तिला वाटत होतं. आयुष्यात तिनं कामाच्या धास्तीनं पुष्कळदा तसं म्हटलं असेल, पण या कारणानं कधीच नाही.

सकाळी जानराव वही घेऊन आला. "सांगा, उगवतीले रोही किती?"

"सहा," चांगुणा म्हणाली.

"अकरा होते," शालूबाई म्हणाली.

जानरावनं दोघींकडे बघितलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. "नऊ लिहितो."

उंद्रीकडची नाव आधी आली. शालूबाईनं पाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "पोरीच्या लग्नाले ये," ती म्हणाली. "मांडवात नाही. घरात ये."

"तुही सासू हाये अजून."

"हाये. तिले दिसत नाही आता, पन आवाजावरून ओळखन ती." शालूबाईनं खोटं सांगितलं नाही. "ओळखू दे. मी नेईन तुले आत."

चांगुणानं येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. नावेत चढताना शालूबाईनं डावा पाय आधी टाकला आणि मधोमध बसली. पाणी शांत होतं, त्यामुळं नाव लहान होत गेलेली खूप वेळ दिसत राहिली.

लग्नाला चांगुणा गेली. इंद्रभान म्हणाला, कशाला जाते, मान राहणार नाही तुझा. ती म्हणाली, मानासाठी जाऊन नाही राह्यली. दोन एसट्या बदलून, वर अर्धा कोस चालून ती दुपारी पोचली. मांडव मोठा होता, वाजंत्री लागलं होतं. शालूबाई माणसांतून वाट काढत बाहेर आली. तिच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. तिनं ती एका सुनेच्या हाती दिली आणि चांगुणाचं मनगट धरून तिला अंगणातून, ओसरीतून सरळ माजघरात नेलं. बायका बोलायच्या थांबल्या. आतल्या खाटेवरून म्हातारीचा आवाज आला, "कोन आलं व?"

"मायी बहीन आली," शालूबाई मोठ्यानं म्हणाली. "सालईखेडची."

म्हातारी काही बोलली नाही. बायका थोड्या सरकल्या आणि चांगुणाला जागा झाली. तिच्यापुढे बाकीच्यांसारखंच ताट आलं. पाण्याचा पेला तिच्या हातात दिला गेला.

मग शालूबाईला कुणी बाहेर हाक मारली, मग कुणी आत, मग व्याही आले, मग नवरीची साडी सापडेना. चांगुणा संध्याकाळपर्यंत त्या माजघरात बसून होती. शालूबाई तीनदा आली. एकदा तिनं जेवलीस का विचारलं, एकदा नवरीला पाया पडायला आणलं, आणि एकदा दारातून नुसतं बघितलं आणि पुन्हा गेली. एवढी वर्षं जे दार चांगुणाला बंद होतं त्याच्या आत ती बसली होती. तिथं तिला काही उणं नव्हतं. पण तिच्या मनात सारखी टेकडी येत होती, गवतात पसरलेले चार पाय आणि हलक्या आवाजातलं ते बोलणं. तिथला वेळ दोघींचाच होता.

शेवटची एसटी गाठायची म्हणून ती उठली. शालूबाई फाटकापर्यंत आली. पाहुण्यांच्या देखत काय बोलणार. तिनं पोळ्यांची पुरचुंडी चांगुणाच्या हातात दिली, आणि चांगुणानं विचारलं, "पुढच्या पुनवेले?"

"बदली झाली म्हनते ना जानरावची?"

"हाव. अकोल्याकडं."

"मंग कोन नेईन?"

"पाहू," चांगुणा म्हणाली. "नवा गार्ड कोन येते ते पाहू."

ती सडकेला लागली. मागे वळून बघितलं तेव्हा फाटकात माणसांची गर्दी होती आणि त्यात शालूबाई कुठली ते ओळखू येत नव्हतं.